माल हलतोय, दुकान बंद होणार का? स्टोअरमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

मॉलमधल्या किंवा मोठ्या स्टोअरमधल्या नोकरीत पहिल्या वर्षभरात कधी ना कधी हा दिवस येतो. बॅकरूममध्ये रिकाम्या कार्टनची चळत लागते, डिपार्टमेंट मॅनेजर हातात यादी देतो आणि म्हणतो, "एवढं पॅक करा, संध्याकाळी गाडी येतेय." दुपारच्या चहापर्यंत बातमी फिरलेली असते: आपलं स्टोअर बंद होतंय. सिक्युरिटीवाल्या काकांना म्हणे आधीच माहीत होतं. कोणी सांगतं सगळा माल भिवंडीला चाललाय, कोणी सांगतं क्लस्टर मॅनेजर (भागातली अनेक स्टोअर सांभाळणारा) परवा जागेच्या मालकाबरोबर बोलताना दिसला.

यातलं किती खरं धरायचं, आणि खरं निघालंच तर काय करायचं, ते या लेखात टप्प्याटप्प्याने सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्टोअर बंद पडल्यामुळे होणारं नुकसान बऱ्याचदा अटळ असतं. पण शेवटच्या पंधरा दिवसांत घाईघाईने केलेल्या सहीमुळे होणारं नुकसान टाळता येतं, आणि दुर्दैवाने ते कमी नसतं.

१. माल बाहेर जाणं ही रोजची गोष्ट आहे

कपड्यांच्या दुकानात माल हलण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कट साइज. एका डिझाइनचे शर्ट आले, एल आणि एक्सएल खपले, उरले फक्त एस आणि डबल एक्सएल. असे चार-चार पीस प्रत्येक दुकानात पडून राहिले तर कुठेच विकले जात नाहीत. मग पाच दुकानांतले उरलेले पीस एका दुकानात गोळा करतात, तिथे पूर्ण साइज सेट तयार होतो आणि माल पूर्ण भावात निघतो. बाकीच्या चार दुकानांतल्या पोरांना मात्र वाटतं, आपला गाशा गुंडाळला जातोय.

दुसरं कारण हंगाम. जानेवारी आणि जुलैच्या सेलनंतर उरलेला माल वेअरहाऊसला किंवा फॅक्टरी आउटलेटला जातो. किराण्याच्या बाजूला मुदत जवळ आलेला माल पुरवठादाराला परत जातो. मार्चअखेरच्या स्टॉक काउंटच्या आधी बॅकरूम हलकी करण्याची धडपड असते. नूतनीकरण असेल तर अर्धा मजला रिकामा होतो. आणि कधी कधी कारण अगदी साधं असतं: ठाण्याच्या दुकानात जे धडाधड खपतं ते नाशिकच्या दुकानात तीन महिने हँगरवर लटकत राहतं, म्हणून ते ठाण्याला मागवलं जातं.

थोडक्यात, गाडी भरून माल गेला एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

२. गाडीकडे नाही, कागदाकडे बघा

प्रत्येक गाडीबरोबर कागद असतात. स्टॉक ट्रान्सफर नोट, म्हणजे एसटीएन, हा कंपनीचा आतला कागद. त्यावर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या ठिकाणाचा कोड असतो. बाहेरचा कागद म्हणजे डिलिव्हरी चलन किंवा बिल, आणि किंमत मर्यादेच्या वर असेल तर ई-वे बिल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, एकाच जीएसटी नोंदणीखाली असलेल्या दोन दुकानांत माल गेला तर चलन पुरतं. ई-वे बिलाची मर्यादा राज्याच्या आत एक लाख रुपये आहे. राज्याबाहेर माल गेला, समजा गोव्याला किंवा सुरतला, तर तोच कंपनीचा माल असला तरी जीएसटीच्या दृष्टीने ते दोन वेगळे करदाते धरले जातात, म्हणून करासहित बिल बनतं आणि ई-वे बिल पन्नास हजारांच्या वर लागतं.

तुम्ही पॅकिंगला असाल तर हे कागद तुमच्या डोळ्यांसमोरून जातातच. त्यात एकच गोष्ट बघा: माल कोणाकडे चाललाय? दुसऱ्या स्टोअरकडे चालला असेल तर बहुतेक वेळा नेहमीचाच कारभार. वेअरहाऊसकडे चालला असेल आणि हंगामाचा शेवट असेल, तरीही नेहमीचाच. पण चालू हंगामातला, चांगला खपणारा माल वेअरहाऊसला जात असेल, किंवा कधी न ऐकलेल्या व्यापाऱ्याच्या नावाने घाऊक बिल बनत असेल, तर कान टवकारा.

एक सावधगिरी इथेच सांगतो. या कागदांचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. ती कंपनीची माहिती आहे. बंद पडणाऱ्या दुकानात कोणाला तरी गैरवर्तनाच्या नावाखाली आधीच बाहेर काढता आलं तर ते कंपनीला स्वस्त पडतं, आणि असा फोटो म्हणजे त्यासाठी आयतं निमित्त. बघा, लक्षात ठेवा, पुढे चला.

३. खरी खूण: न येणारा माल

बाहेर जाणाऱ्या मालापेक्षा आत न येणारा माल जास्त बोलतो. इनवर्डचं, म्हणजे आत आलेल्या मालाचं रजिस्टर किंवा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) बघणाऱ्या सहकाऱ्याला विचारा, गेल्या महिन्यात किती गाड्या आल्या? गणपती-दसऱ्याच्या तोंडावर इतर दुकानांत नवा माल लागतोय आणि आपल्याकडे सिस्टिममध्ये ऑटो ऑर्डरच बंद आहे, असं असेल तर चिंता रास्त आहे.

आणखी काही खुणा, माझ्या मते महत्त्वाच्या क्रमाने: फिक्स्चर, गंडोला (मजल्यावरचे उभे शेल्फ), एसी, बिलिंग मशीन यांची यादी करायला बाहेरून माणूस आला. ब्रँडवाल्यांनी आपले प्रमोटर, म्हणजे दुकानात ठेवलेले स्वतःचे विक्रेते, काढून घेतले; ब्रँडना पैसे मिळण्याची शंका आली की ते सगळ्यात आधी पाय काढतात. सोडून गेलेल्यांच्या जागा महिनोन्महिने भरल्या नाहीत. हाउसकीपिंग आणि सिक्युरिटी एजन्सीचे पैसे थकले. गिफ्ट व्हाउचर घेऊ नका असा आदेश आला. यातली एखादी खूण एकटीच दिसली तर ती काटकसर असू शकते. तीन-चार एकत्र दिसल्या, त्यात इनवर्ड बंद, तर मात्र पुढच्या टप्प्यांना आजच लागा.

मॉलमधल्या जागेचा करार कधी संपतोय हेही विचारून ठेवावं. स्टोअर मॅनेजर सांगेलच असं नाही, पण अनेक दुकानं खप नसल्यामुळे नव्हे तर भाड्याच्या गणितामुळे बंद होतात. डीमार्ट बहुतांश दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत चालवतं. भाड्याच्या जागेतल्या साखळ्यांची गोष्ट वेगळी असते.

४. दोन जुनी उदाहरणं

नव्या मुलांना ही नावं ऐकूनच माहीत असतील, म्हणून थोडं सविस्तर.

सुभिक्षा ही १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेली साखळी. दहा-बारा वर्षांत देशभर दीड हजारांहून जास्त दुकानं उघडली, मुंबई-पुण्यातही. २००९ च्या सुरुवातीला रोख पैसा आटला आणि काही आठवड्यांत दुकानं बंद पडली. तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. म्हणजे आधी शेल्फ रिकामे, मग पगार उशिरा, मग शटर.

बिग बझारचं प्रकरण वेगळ्या वळणाने गेलं. ऑगस्ट २०२० मध्ये फ्यूचर समूहाचा किरकोळ विक्रीचा व्यवसाय २४,७१३ कोटींना रिलायन्सला विकण्याचा करार जाहीर झाला. अॅमेझॉनने हरकत घेतली, कोर्टकज्जे सुरू झाले. मधल्या काळात कंपनीकडे पैसे नाहीत, पुरवठादार उधारीवर माल द्यायला तयार नाहीत, भाडं थकलेलं. अनेक जागांचे करार रिलायन्सने आपल्या नावावर घेऊन फ्यूचरला पोटभाड्याने दिले होते. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रिलायन्सने त्या जागा ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि मार्चमध्ये फ्यूचरने आठशेहून अधिक दुकानांच्या पोटभाड्याचे करार रद्द झाल्याच्या नोटिसा मिळाल्याचं शेअर बाजाराला कळवलं. एप्रिलमध्ये मूळ करार मोडला, जुलै २०२२ मध्ये फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याच जागांवर पुढे स्मार्ट बझारच्या पाट्या लागल्या. त्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना रिलायन्सने नोकऱ्या देऊ केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

नव्या माणसाने यातून घ्यायचं ते इतकंच: तुमचं दुकान, तुमचा मजला, तुमचा काउंटर तोच राहून तुमचा मालक बदलू शकतो. तसं झालं तर नवं नियुक्तिपत्र घेताना विचारायचा प्रश्न एकच, आणि तो लेखी विचारायचा: माझी जुनी सेवा धरणार की शून्यापासून मोजणार? चार वर्षं दहा महिने झालेल्या माणसासाठी या उत्तरावर ग्रॅच्युइटी (साधारण पाच वर्षांच्या सेवेनंतर नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) अवलंबून असते. सेवा धरणार नसतील तर जुन्या कंपनीकडचा हिशेब तिथल्या तिथे मागायचा.

५. पॅकिंगच्या दिवसांत स्वतःला जपा

या टप्प्यावर लोक दुर्लक्ष करतात आणि मग अडकतात. मोठ्या ट्रान्सफरमध्ये माल गहाळ होतोच. तिकडच्या दुकानात बॉक्स उघडला की चाळीसच्या जागी सदतीस निघतात. तीन पीस कुठे गेले? इथेच राहिले, गाडीत गेले, की तिकडे मोजताना चुकले? बंद होणाऱ्या दुकानातला शेवटचा स्टॉक काउंट कमी भरला की बोट दाखवायला सगळ्यात सोपा माणूस म्हणजे नवा माणूस.

म्हणून पॅकिंग असं करा. स्कॅनरवर एक बॉक्स उघडा, तो बंद केल्याशिवाय दुसरा उघडू नका. पीस स्कॅन करून मगच बॉक्समध्ये टाका. आधी भरून मग मोजायला गेलात की मधेच कोणीतरी ग्राहकासाठी म्हणून एक साइज उचलून नेतो. हँगर आणि सिक्युरिटी टॅग काढून ठेवायचे की तसेच पाठवायचे, हे आधी विचारून घ्या, नाहीतर रात्री दहाला सगळे बॉक्स परत फोडावे लागतात. शेवटचा पीस गेला की बॉक्स लिस्ट वर ठेवायची, टेप मारायची, आणि मार्करने दोन बाजूंना बॉक्स क्रमांक आणि पीस लिहायचे: १२/३०, ४० पीस. सगळे बॉक्स झाले की दुसऱ्या सहकाऱ्याकडून सहज उचलून दोन-तीन बॉक्स मोजून घ्या. गाडीला सील लावलं की सीलचा नंबर चलनावर लिहिला गेलाय ना ते बघा, आणि वेळ घालून सही करा. बॉक्स मोजून दिले असतील, आतले पीस नाही, तर सहीच्या शेजारी "३० बॉक्स, सीलबंद" एवढंच लिहा.

दुसरं, स्वतःचा लॉगिन कोणाला देऊ नका. "अरे तुझ्या आयडीवरून तेवढी एन्ट्री मार" हे वाक्य या दिवसांत फार ऐकू येतं. प्रेमाने नाही म्हणा.

माल कमी भरला म्हणून पगारातून कापणार असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा: माल तुमच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असला पाहिजे, नुकसान तुमच्या निष्काळजीपणाने झालेलं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. शिवाय सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. सगळ्या स्टाफवर समान वाटून टाकलेली कपात या कसोटीला सहसा उतरत नाही.

६. आपला मालक कोण, ते शोधा

हसू नका. एकाच फ्लोअरवर एकाच टी-शर्टमध्ये उभ्या असलेल्या चार जणांचे मालक चार असू शकतात. एक कंपनीच्या पेरोलवर, एक स्टाफिंग एजन्सीच्या पेरोलवर म्हणजे ऑफ-रोल, एक ब्रँडचा प्रमोटर, एक ठरावीक मुदतीच्या करारावर. दुकान बंद झालं की प्रत्येकाचा हिशेब वेगळा.

पगाराच्या स्लिपवर आणि पीएफच्या पासबुकात ज्याचं नाव आहे तो तुमचा मालक. ऑफ-रोल असाल तर पहिली मागणी एजन्सीकडे: दुसऱ्या जागी पाठवा, नाहीतर नियमाने हिशेब करा. एजन्सीने पगार बुडवला तर ज्या कंपनीसाठी राबलात तिच्यावरही पगाराची जबाबदारी येते, हे एजन्सीला माहीत असतं. तुम्हाला माहीत आहे हे तिला कळू द्या. प्रमोटर असाल तर ब्रँडच्या एरिया मॅनेजरला आजच फोन करा, त्याच्याकडे दुसरा काउंटर असण्याची शक्यता बरी असते. मुदतीच्या करारावर असाल तर कराराची शेवटची तारीख बघा.

७. कागदांची फाईल आज करा

सिस्टिम बंद झाली की पगाराच्या स्लिपा डाउनलोड होत नाहीत. कंपनीचा ईमेल बंद होतो, एचआरचा नंबर लागत नाही. म्हणून अफवा असतानाच स्वतःच्या फोनबाहेर, स्वतःच्या खासगी ईमेलवर हे ठेवा: नियुक्तिपत्र, पगारवाढीची पत्रं, निदान शेवटच्या वर्षभराच्या स्लिपा, हजेरीचा आणि शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, बँक स्टेटमेंट. नियुक्तिपत्र मिळालंच नसेल तर आत्ता मागा. नव्या कामगार संहितांनुसार ते प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे.

पीएफ वेगळा तपासायचा. मालकाने महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, किंवा उमंग अॅपवर पासबुक उघडा. स्लिपवर कपात दिसते पण पासबुकात दोन-तीन महिने जमाच नाहीत, तर समजा की कंपनीकडे पैसे नाहीत. तिसऱ्या टप्प्यातल्या सगळ्या खुणांपेक्षा ही खूण मी पक्की मानतो. नाव, जन्मतारीख, आधार, बँक खातं यांत चूक असेल तर कंपनी जिवंत असेपर्यंत दुरुस्त करून घ्या. नंतर त्या एका स्पेलिंगसाठी पीएफ कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतात.

८. राजीनामा लिहून देऊ नका

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा.

दुकान बंद होण्याच्या आधी एक दिवस एरिया एचआर येतो. एकेकाला केबिनमध्ये बोलावतो. गोड बोलतो: "तुमचं करिअर खराब होऊ नये म्हणून सांगतोय, राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देतो, एक पगार जास्तीचा देतो." समोर छापील कागद, खाली सहीची जागा. कधी तारीख कोरी.

तुम्ही राजीनामा दिला की कायद्याच्या नजरेत तुम्ही स्वतःहून गेलात. कंपनीने काढलं तर ती कामगार कपात होते, आणि एक वर्षाची सलग सेवा (वर्षात २४० दिवस काम) झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये हा हिशेब होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही पंधरा दिवसांचा हिशेब तसाच आहे. पाच वर्षं झालेल्याला म्हणजे सुमारे अडीच पगार अधिक नोटिशीचा एक. एका जादा पगारासाठी हे सोडायचं का, ते तुम्ही ठरवा.

कंपनी म्हणते, "आम्हालाच तोटा झालाय," किंवा "मॉलने जागा काढून घेतली, आम्ही काय करणार?" हे कारण चालत नाही. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने धंदा बंद झाला तर भरपाईला तीन महिन्यांच्या पगाराची कमाल मर्यादा लागते, हे खरं. पण आर्थिक अडचण, न विकलेला माल साचणं आणि जागेच्या कराराची मुदत संपणं ही तिन्ही कारणं 'हाताबाहेरची' धरायची नाहीत, असं कायद्यातच लिहिलंय. किरकोळ विक्रीतली दुकानं बंद होतात ती नेमकी या तीन कारणांनीच.

मग केबिनमध्ये काय करायचं? भांडायचं नाही. "घरी विचारून सांगतो, कागदाची प्रत द्या," एवढंच म्हणायचं. प्रत देत नसतील तर सही नाही. बाहेर आल्यावर एचआरला दोन ओळींचा ईमेल: आज अमुक वाजता मला राजीनामा देण्यास सांगण्यात आलं, मी कामावर येण्यास तयार आहे. आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर जायचं. हजेरी सोडली की "काम सोडून गेला" असा शेरा बसतो.

बदलीचंही तसंच. नियुक्तिपत्रात बदलीचं कलम जवळजवळ प्रत्येकाच्या असतं, त्यामुळे "जात नाही" म्हणणं अंगाशी येतं. कल्याणहून पनवेलला बारा हजारांत रोज जाणं परवडत नाही, हे खरं. पण ते लेखी मांडा. बदलीचा आदेश लेखी मागा, प्रवासभत्ता किंवा राहण्याची सोय मागा, जवळच्या दोन-तीन स्टोअरची नावं स्वतःहून सुचवा. त्या दुकानाच्या मॅनेजरशी आधी बोलून जागा आहे का ते विचारलंत तर काम सोपं होतं. स्टोअर मॅनेजरला आपली चांगली माणसं सोडवत नाहीत, पण दुकान बंदच होतंय म्हटल्यावर बहुतेक जण मदत करतात.

तुमच्या पदनामात 'मॅनेजर' आहे म्हणून तुम्ही कामगार नाही, असं कोणी सांगितलं तर लगेच मान्य करू नका. पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता ते बघितलं जातं. दिवसभर कपड्यांच्या घड्या घालणारा आणि बिलिंग करणारा 'असिस्टंट मॅनेजर' मी भरपूर पाहिलाय.

९. शेवटचा हिशेब स्वतः मांडा

कंपनीचा 'फुल अँड फायनल'चा कागद येण्याआधी तुमचा कागद तयार हवा. त्यात: चालू महिन्याचे दिवस, ओव्हरटाइम, नोटिशीचा पगार, भरपाई, शिल्लक अर्जित रजा, बोनस, थकलेले इन्सेंटिव्ह, ग्रॅच्युइटी.

ग्रॅच्युइटीचं गणित: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. हिशेबाला धरायचा पगार १५,६०० असेल तर वर्षामागे ९,०००. सहा वर्षांचे ५४,०००. पाच वर्षं सेवा लागते, मुदतीच्या करारावरच्यांना नव्या संहितेनुसार एक वर्ष. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. आता हिशेबाच्या पगारातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाहीत, त्यामुळे स्लिपवर बेसिक नावापुरतं ठेवून बाकी सगळं 'स्पेशल अलाउन्स'मध्ये टाकलं असेल तर हिशेब बेसिकवर नको, हे ठणकावून सांगा.

बोनस लोक विसरतात. वर्षात तीस दिवस काम केलेल्या पात्र कर्मचाऱ्याचा किमान ८.३३ टक्के बोनस दुकान बंद झालं म्हणून बुडत नाही. पगाराची थकबाकी, कामगार कपात झाली असो की दुकान बंद झालं असो, दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची असते. प्रत्यक्षात महिना-दीड महिना लावतात. तेवढे दिवस गेले की सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार. मुंबईत बीकेसीतलं कामगार भवन. वकील लागत नाही, फाईल लागते. चार-पाच जणांनी मिळून गेलात तर लवकर दखल घेतली जाते.

१०. ईएसआयचं कार्ड फेकू नका

पगार २१,००० पर्यंत असणाऱ्यांचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं. नोकरी गेली त्या दिवशी उपचार बंद होत नाहीत. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. घरात कोणाचं ऑपरेशन, बाळंतपण असेल तर या तारखा बघून ठेवा.

बेकारी भत्त्याच्या दोन योजना आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते, आयुष्यात एकदा. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून शाखेत जाऊन चालू आहे का ते विचारा. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना दुकान बंद पडल्याने किंवा कपातीमुळे नोकरी गेलेल्यांसाठी आहे, आणि भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळू शकतो. राजीनामा दिलेला असेल तर ही दुसरी योजना हातची जाते. आठवा टप्पा परत वाचा.

११. कंपनीच दिवाळखोरीत गेली तर

हे क्वचित होतं, पण झालं तर घाई करावी लागते. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की एक अंतरिम व्यावसायिक (दिवाळखोरीच्या काळात कंपनीचा कारभार बघणारा) नेमला जातो आणि जाहीर नोटीस निघते. कामगार-कर्मचाऱ्यांनी आपली थकबाकी 'फॉर्म डी'मध्ये पुराव्यासह कळवायची असते. नोटिशीतली तारीख साधारण चौदा दिवसांची असते. चुकली तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत दावा देता येतो. पुढे कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची थकबाकी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जाते, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्यांच्यामागून. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातले पैसे त्या वाटपात येतच नाहीत, ते तुमचेच. दावा न देणाऱ्याला मात्र कोणी शोधत येत नाही.

१२. पुढची नोकरी

शोध अफवेच्या दिवशीच सुरू करा. त्यात बेइमानी काही नाही. दसरा-दिवाळीची भरती साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, तेव्हा अनुभवी माणसाला फार प्रश्न विचारत नाहीत. त्याच मॉलमधल्या दुसऱ्या स्टोअरचे मॅनेजर तुम्हाला चेहऱ्याने ओळखतात, तिथून सुरुवात करा. बायोडेटात "सेल्स केलं" असं मोघम लिहू नका. स्टॉक ट्रान्सफर, जीआरएन, सायकल काउंट, बिलिंग, व्हिज्युअल मर्चंडायझिंग, जे येतं ते नावानिशी लिहा. दुकान बंद करताना तुम्ही जो माल मोजून पाठवला ते कामही अनुभवच आहे. इन्व्हेंटरीच्या जागेसाठी त्याला भाव मिळतो.

नव्या ठिकाणी रुजू होताना जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) द्या, नवा काढू देऊ नका, आणि जुना पीएफ वर्ग करून घ्या. पाच वर्षांच्या आत काढलात तर करही लागू शकतो. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही म्हणून वर्ग होत नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने थांबा; मग पोर्टलवर ती तारीख तुम्हाला स्वतःलाच भरता येते.